अमेरिकेत शटडाऊन लागला तर फेडरल कर्मचाऱ्याने पगार कसा सांभाळावा

शटडाऊन म्हणजे संसदेने निधी मंजूर न केल्यामुळे फेडरल (केंद्र) सरकारची बरीच कामे थांबणे. २०१९ च्या कायद्यानुसार तो संपल्यावर घरी बसवलेल्यांना आणि बिनपगारी कामावर राहिलेल्यांना, दोघांनाही थकलेला पगार मिळतो. कंत्राटदाराकडच्या लोकांना हे संरक्षण नाही. खरी अडचण मधल्या आठवड्यांची असते. २०१८-१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला होता.

निधी संपायच्या आधीच शेवटच्या काही पगारपावत्या आणि एसएफ-५० (नेमणूक, पद आणि पगाराची नोंद असलेला सरकारी फॉर्म) उतरवून घरच्या संगणकावर ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर भरवसा नको, ऐन वेळी तो हाताशी नसतो.

घरी बसवले असेल तर बेकारी भत्त्याचा अर्ज लगेच करा. तो साधारणपणे तुमचे कामाचे ठिकाण ज्या राज्यात आहे तिथे करायचा, घर दुसऱ्या राज्यात असले तरी. इथेच बरेच जण चुकतात. एसएफ-८ (बेकारी भत्त्यासाठी कार्यालयाकडून मिळणारा फॉर्म), एसएफ-५० आणि पगारपावत्या जोडा. पूर्णवेळ बिनपगारी काम करणाऱ्यांना हा भत्ता सहसा मिळत नाही. मागचा पगार मिळाला की राज्य भत्ता परत मागते, म्हणून ते पैसे उसने समजूनच वापरा.

आरोग्य विमा सुरूच राहतो, पण थकलेले हप्ते नंतर पगारातून कापले जातात. त्यानंतरची पहिली पगारपावती आकड्यानिशी तपासा. एफएसएचे (पगारातून करमुक्त रक्कम बाजूला काढून आरोग्य खर्चासाठी ठेवायचे खाते) त्या काळातल्या खर्चाचे दावे मात्र पगारातली कपात पुन्हा सुरू होईपर्यंत अडकतात. मोठी औषधखरेदी आधी उरका.

घरकर्जाच्या बँकेला हप्ता चुकण्यापूर्वी फोन करा, सवलत लेखी घ्या. काही क्रेडिट युनियन (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्था) बिनव्याजी कर्ज देतात, पण बहुधा पगार त्यांच्याच खात्यात जमा होत असेल तरच.