विद्यार्थी-शिक्षकांना बालनिरीक्षणाची नोंद लिहायला कसं शिकवावं

प्रशिक्षणात निरीक्षणवही सगळेच भरतात, पण बहुतेक वह्यांत मूल सापडत नाही, मुलाबद्दलचं मत सापडतं. 'हट्टी', 'चुणचुणीत', 'अबोल' एवढ्यावरून उद्या त्या मुलासमोर काय ठेवायचं, हे कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून पाठ घ्यायला लावण्याआधी बघायला शिकवा.

सुरुवात मुक्त खेळाच्या वेळी करा. एक मूल, १० मिनिटं. बाजूला, मुलांच्या उंचीला बसायचं. "काय लिहिताय?" असं मुलानं विचारलं तर खरं सांगायचं, "तुम्ही कसे खेळता ते लिहून घेतेय," आणि पुन्हा लिहायला लागायचं. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे वेळ आणि जे दिसलं-ऐकलं तेवढंच; उजवीकडे त्याचा अर्थ, आणि तो खेळ संपल्यावरच. वर तारीख, खेळाची जागा, मुलाचं आद्याक्षर आणि वय महिन्यांसकट. ४ वर्षं १ महिना आणि ४ वर्षं ११ महिने, दोन्ही 'चार वर्षं' म्हणून लिहिलं तर नोंदीचा अर्थच बदलतो.

'स. हट्टीपणा करत होता' असं लिहिलेलं आलं, तर तीच घटना डाव्या रकान्यात कशी दिसेल ते दाखवा:

१०.१२ – स.नं दोन ठोकळे उभे करून त्यांवर लांब पट्टी आडवी ठेवली. डावं टोक खाली पडलं. पुन्हा ठेवली, पुन्हा पडलं. र.नं हात पुढे केला. स. म्हणाला, "थांब, मी करतो." डावा ठोकळा जवळ सरकवला. पट्टी टिकली.

इथे हट्ट कुठे आहे? मुलानं अंतर आणि लांबी यांचा मेळ स्वतः शोधला.

विशेषणं तरीही घुसतातच. कॅमेऱ्याला टिपता येणार नाही असा प्रत्येक शब्द त्यांनाच लाल पेननं खोडायला लावा. दुसरी चूक जास्त नुकसान करते: मुलाची वाक्यं शुद्ध करून लिहिणं. मूल "मी करलं" म्हणालं, तर 'करलं'च लिहायचं. भूतकाळाचा नियम त्याला उमगलाय, म्हणून तर तो 'कर'ला लावून बघतंय; 'केलं' लिहिलं की हा पुरावा गेला.

बाजूला उभं राहून बघणाऱ्या मुलापुढे 'खेळत नाही' असा शेरा येतो. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली खेळातल्या सहभागाचे प्रकार मांडले, त्यात असं बघत राहणं हा स्वतंत्र प्रकार आहे. मूल कुणाकडे बघतंय, काय विचारतंय, कधी जवळ सरकतंय, हे लिहायला सांगा. मात्र या प्रकारांची शिडी करू नका. एकट्यानं रमून खेळणारं पाच वर्षांचं मूल मागे पडलेलं नसतं.

दंगा करणाऱ्यांची पानं भरतात, शांत मुलांची कोरी राहतात. त्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या मुलांच्या नावांचा पट ठेवून नोंद झाली की खूण करायची. दोन आठवड्यांत ज्याच्यापुढे खूण नाही, पुढची १० मिनिटं त्याची.

महिन्यातून एकदा दोघांना एकाच मुलाची एकाच वेळी नोंद करायला बसवा आणि तुम्हीही बसा. मग तिन्ही डावे रकाने शेजारी ठेवून वाचा. जिथे फरक पडेल तिथे एकच प्रश्न: "हे कशावरून लिहिलंस?" उत्तर डावीकडे नसेल तर उजवीकडचं वाक्य खोडायचं. उरलेल्या अर्थाखाली एक ओळ हवीच: उद्या काय ठेवणार? स.साठी, आणखी दोन वेगळ्या लांबीच्या पट्ट्या.