रेड बांधण्याआधी डिस्कचा टाइमआउट तपासा

लिनक्सवर साध्या साटा (नेहमीच्या केबलने जोडायच्या) डिस्कची रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून जोडलेला डिस्कचा गट, बांधायची असेल, तर डेटा टाकण्याआधी दोन टायमर जुळवा. मी हे केल्याशिवाय कुठलाही सर्व्हर ताब्यात देत नाही.

पहिला टायमर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. वाचण्या-लिहिण्याची रिक्वेस्ट शेड्युलरच्या (रिक्वेस्टचा क्रम लावणाऱ्या भागाच्या) रांगेत थांबलेली असते तोवर तो चालू होत नाही. ड्रायव्हर ती डिस्ककडे पाठवायला घेतो तेव्हा सुरू होतो. मुदत ३० सेकंद. एमक्यू-डेडलाइन नावाच्या शेड्युलरमधले रीडचे ५०० मिलिसेकंद आणि राइटचे ५ सेकंद निराळे: ते फक्त कोणाचा नंबर आधी लावायचा हे ठरवतात, रिक्वेस्ट रद्द करत नाहीत.

दुसरा टायमर डिस्कच्या आत. खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) वाचायला घरगुती डिस्क मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ झगडते. तेवढ्यात कर्नलचे ३० सेकंद संपतात, ड्रायव्हर डिस्कशी असलेली लिंक रिसेट करतो, डिस्क उत्तर देत नाही आणि बिचारी धडधाकट डिस्क ॲरेबाहेर, म्हणजे रेडच्या गटाबाहेर, फेकली जाते. तिने वेळेत ‘वाचता येत नाही’ एवढं कळवलं असतं, तर रेडने दुसऱ्या डिस्कवरून तो डेटा काढून सेक्टर पुन्हा लिहिला असता. मला या प्रकाराची चीड येते, कारण एका सेक्टरपायी आख्खी डिस्क जाते.

म्हणून रूट होऊन आधी हे चालवा (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा; एसडीएच्या जागी आपल्या डिस्कचं नाव घाला):

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीए

आकडे सेकंदाच्या दशांशात आहेत, म्हणजे रीड-राइट दोन्हींना ७ सेकंद. डिस्कला अशी मुदत ठरवायची सोय नसेल, तर कर्नललाच थांबायला सांगा:

इको १८० > /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट

असं केल्यावर खराब सेक्टर लागला की मशीन बराच वेळ गोठल्यासारखं वाटेल. वाटू दे, रिसेटचं बटण दाबू नका.

क्यू डेप्थ, म्हणजे डिस्ककडे एका वेळी किती कमांड पाठवायच्या तो आकडा, कमी करून हा प्रश्न सुटत नाही. एनसीक्यूमध्ये (साटा डिस्कच्या स्वतःच्या कमांड-रांगेत) डिस्क एका वेळी ३२ पर्यंत कमांड घेते. ती १ केली तरी अडकलेली कमांड तशीच अडकते, वर रोजचा वेग जातो.

७ सेकंदांची सेटिंग बहुतेक डिस्क वीज गेली की विसरतात, १८० ची रीबूटनंतर जाते. दोन्ही यूडेव्हच्या (डिस्क दिसली की ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या) नियमात घाला, मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि प्रत्येक डिस्कचे आकडे पुन्हा वाचून बघा. नंतर बदललेली डिस्कसुद्धा याच तपासणीतून जाऊ द्या.