गिटारच्या पूर्ण फ्रेटबोर्डवर स्केल कशी बसवायची: आधी सा शोधा

खूप जणांचं असं होतं बघा, मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पहिला बॉक्स (हात एका जागी ठेवून वाजवायचा सुरांचा शेप) शिकतात, पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत, आणि मग दोन-दोन वर्षं मुक्काम तिथेच. बॅकिंग ट्रॅक लावला की बोटं आपोआप त्याच जागी जातात, तेच वर-खाली, आणि आतून कळत असतं की आपण सूर नाही, शेप वाजवतोय. माझंही तेच झालं होतं. क्लासमध्ये पाच बॉक्सची झेरॉक्स मिळाली, पाठ करा म्हणाले, केली, पाचही बॉक्स डोळे मिटून वाजायला लागले तरी मनात आलेली साधी चार सुरांची चाल हातात येईना. गाडी पुढे सरकली ती झेरॉक्स बाजूला ठेवून गिटारवर सा कुठे कुठे आहे हे शोधायला लागलो तेव्हा, म्हणून इथे तोच क्रम देतोय. साध्या कॉर्ड वाजवता येतात एवढं धरून चालतो, थिअरी येत नसेल तरी काही अडत नाही.

स्केल एकच घेऊ, ए मायनर पेंटॅटॉनिक. सूर पाच: ए, सी, डी, ई, जी. ए ला सा म्हटलं तर हे झाले सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे धानी रागाचे सूर. पुढे मी नुसतं ग आणि नी लिहिलं की कोमलच समजा.

पहिली पायरी: एकच तार

पाचवी तार घ्या (सगळ्यात पातळ ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी). ती मोकळी छेडली की ए वाजतो, तोच आपला सा. फोनवर तानपुरा ॲप लावून पट्टी पांढरी सहा (म्हणजे ए) करा. आता त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटवर ग, ५ वर म, ७ वर प, १० वर नी आणि १२ वर वरचा सा. बस, बाकी कुठल्याच तारेला हात लावायचा नाही.

हे बालवाडीसारखं वाटेल पण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. सतार बघा, मुख्य धून बहुतेक बाजाच्या एका तारेवरच चालते, आणि आपण गिटारवाले पहिल्या दिवसापासून एका तारेवरून दुसरीवर उड्या मारायला शिकतो, त्यामुळे दोन सुरांमधलं अंतर डोळ्यांना कधी दिसतच नाही. एका तारेवर ते सरळ मोजता येतं: सा ते ग तीन फ्रेट, ग ते म दोन, म ते प दोन, प ते नी तीन, नी ते सा दोन. तीन-दोन-दोन-तीन-दोन. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही तारेवर, कुठल्याही सा पासून हीच स्केल मांडता येते.

वाजवताना तोंडाने सूर म्हणायचे, आवाज कसाही असला तरी म्हणायचे. सा ग म वाजवा, थांबा, मग म ग सा. मग सा ग म प, थांबा, आणि परत येताना काहीतरी वेगळं करून सा वर या. एकदा आधी म्हणून मग वाजवा, एकदा आधी वाजवून मग म्हणा. आधी म्हटलेलं बोटांना सापडायला लागलं की इम्प्रोव्हायझेशन सुरू झालं, त्याच्यासाठी पाच बॉक्स यायची वाट बघायची गरज नाही. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं पाचवी तार, मग दोन नंबरची तार घ्या, तिथे सा १० व्या फ्रेटवर आहे, त्याच्या खाली ८ वर नी, ५ वर प, ३ वर म, १ वर ग.

दुसरी पायरी: सगळे सा

१२ व्या फ्रेटपर्यंत ए एकूण सात ठिकाणी आहे. सहाव्या तारेवर ५, पाचवीवर मोकळी आणि १२, चौथीवर ७, तिसरीवर २, दुसरीवर १०, पहिलीवर परत ५. मेट्रोनोम ६० वर लावून हे सातच्या सात वाजवा, एका ठोक्याला एक, आधी क्रमाने मग उलटसुलट. दोन-तीन दिवसांत होतं.

पाठांतर नको असेल तर नियम धरा: सहाव्या किंवा पाचव्या तारेवरच्या सुराचा वरचा सप्तक दोन तारा सोडून नाही, दोन तारा पुढे आणि दोन फ्रेट पुढे. म्हणजे सहावीवर ५, तर चौथीवर ७. पण चौथ्या किंवा तिसऱ्या तारेपासून निघालात तर तीन फ्रेट पुढे, चौथीवर ७ तर दुसरीवर १०. हा फरक का, तर कानाने ट्यून करायची पद्धत आठवा, प्रत्येक तारेचा पाचवा फ्रेट धरून पुढची तार जुळवतो, फक्त तिसऱ्या तारेचा चौथा धरतो. तिथे एक फ्रेट कमी पडतो, म्हणून तिसरी ओलांडून दुसरीवर गेलं की प्रत्येक शेप एका फ्रेटने पुढे सरकतो. शेप अचानक वाकडे का होतात हा गोंधळ मला कितीतरी दिवस होता, आणि कारण एवढंच आहे.

तिसरी पायरी: सा ते सा प्रवास

आता दोन सा मध्ये रस्ता बांधायचा. हा एक बांधून दाखवतो: चौथी तार ७ (सा), तिसरी तार ५ (ग), तिसरी ७ (म), तिथून अनामिका न उचलता घसरत ९ (प), मग दुसरी तार ८ (नी), दुसरी १० (सा). सहा सूर, पूर्ण सप्तक, आणि मधल्या त्या एका स्लाईडमध्ये तुम्ही पहिल्या बॉक्समधून दुसऱ्यात गेलात. हळू वाजवा, म वरून प वर जाताना बोटाचा दाब सोडू नका, नाहीतर आवाज मध्येच मरतो. इलेक्ट्रिक असेल तर स्लाईडऐवजी ७ वरच तार ओढून प पर्यंत न्या, तीच मींड. ॲकूस्टिकवर जाड तारा असतील तर ओढायचा हट्ट नको, बोटं सोलतात, स्लाईड छानच वाजते.

असे रस्ते स्वतः शोधा. दोन सा निवडायचे आणि एका तरी तारेवर तीन सूर घ्यायचे, म्हणजे हात आपोआप सरकतो.

चौथी पायरी: आता बॉक्स

बॉक्स वाईट नाहीत, फक्त ते आधी नको. पहिला, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत, प्रत्येक तारेवरचे दोन फ्रेट: ५-८, ५-७, ५-७, ५-७, ५-८, ५-८. दुसरा: ८-१०, ७-१०, ७-१०, ७-९, ८-१०, ८-१०. पुढचे तीन तुम्हीच काढा, सहाव्या तारेवर ते १०, १२ आणि १५ ला सुरू होतात, शेवटचा खाली ३ पासूनही मिळतो. कॉपी करण्यापेक्षा स्वतः काढलेले जास्त लक्षात राहतात.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हे पाच बॉक्स म्हणजे आपल्याकडच्या मूर्च्छना आहेत. पाच सूर तेच, फक्त सा बदलायचा. ए ला सा मानलं तर धानीचे सूर, सी ला मानलं तर भूपाचे, डी ला मानलं तर मेघाचे, ई ला मानलं तर मालकंसाचे आणि जी ला मानलं तर दुर्गाचे. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, चलन असतं, वादी-संवादी असतात, ते मान्य, पण तानपुरा पांढरी तीनवर (म्हणजे ई वर) लावून बाराव्या फ्रेटचा बॉक्स ई ला सा समजून वाजवून बघा. तेच फ्रेट, तीच बोटं, आणि खोलीतली हवाच बदलते. त्या दिवसानंतर बॉक्स मला कधी कोरडे वाटले नाहीत.

पाचवी पायरी: कॉर्डवर उतरणं

मित्राला सांगा किंवा फोनवर रेकॉर्ड करा: ए मायनर दोन बार, जी दोन बार, फिरत ठेवा. ए मायनर चालू असताना वाक्य ए, सी किंवा ई वर संपवा. जी आली की जी किंवा डी वर. मधे काहीही वाजवा, पण उतरायची जागा ठरलेली हवी, तबलजी समेवर येतो तसं. सुरुवातीला प्रत्येक कॉर्डला फक्त एक सूर वाजवा आणि तो लांबवा, घाई नको. पलटेही जोडीला ठेवा, सा ग म, ग म प, म प नी, प नी सां, पण रोज दहा मिनिटांवर नको, नाहीतर सोलोसुद्धा पलट्यासारखाच वाजायला लागतो.

पाच सूर पुरेनासे झाले की दोनच वाढवायचे. पाचव्या तारेवर २ वर शुद्ध रे आणि ८ वर कोमल ध घेतला की पूर्ण नॅचरल मायनर झाली, म्हणजे आसावरी थाट. ८ ऐवजी ९ घेतला की डोरियन, म्हणजे काफी. जुने पाच जिथे होते तिथेच राहतात.

कधीतरी गाणारा म्हणेल की माझी पट्टी काळी चार (म्हणजे जी शार्प) आहे. मग सगळे सा एक फ्रेट मागे: सहावीवर ४, पाचवीवर ११, चौथीवर ६, तिसरीवर १, दुसरीवर ९, पहिलीवर ४. मोकळी पाचवी तार तेवढी आता सा नाही, ती मोकळी वाजवायची नाही, बाकी रस्ते होते तसेच.