हौशी छायाचित्रकाराने आपला विषय कसा शोधावा

कोणता कॅमेरा घ्यावा, अशी चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. आपण फोटो का काढतो, असे स्वतःला विचारणारे फार थोडे. हौशी छायाचित्रकाराला गिऱ्हाइकाची मागणी पुरवायची नसते, म्हणून विषय, वेळ आणि रीत हे सारे त्याच्या स्वतःच्या ओढीवरच ठरते. ती ओढ ओळखणे हे पहिले काम समजावे.

त्यासाठी गेल्या वर्षभरातले फोटो उघडावेत आणि कोणी वाखाणले म्हणून नव्हे, तर आपल्याला पुन्हा पाहावेसे वाटतात म्हणून वीसेक वेगळे काढावेत. एखाद्याच्या निवडीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले चेहरे निघतील, तर एखाद्याच्या निवडीत मंगेशीच्या दीपस्तंभावर सरकणारे ऊन. ज्याला माणसांची ओढ आहे, त्याने आधी बोलावे, परवानगी घ्यावी, मगच कॅमेरा वर करावा. घरच्या आठवणी जपायच्या असतील, तर फोटोखाली नाव आणि तारीख लिहिण्याला रंगसंगतीइतकेच महत्त्व द्यावे.

हेतू ध्यानात आला की घराजवळची एकच जागा निवडावी. माझे मत विचाराल, तर गोव्यात खाजन शेतीइतके, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीइतके, शिकवणारे ठिकाण दुसरे नाही. बांधावरच्या मानशीपाशी, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणाऱ्या झडपेपाशी, उभे राहावे: भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज सूर्योदयाला उघडी असलेली दारे आठवड्याने त्याच वेळी मिटलेली दिसतील, आणि आजच्यासारखा योग पुन्हा साधारण पंधरवड्याने येईल. म्हणून निघण्यापूर्वी कालनिर्णयात तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि पाणी जोरात वाहते. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर 1/500 सेकंदाला लावले, तर फेसाचा थेंब न् थेंब वेगळा दिसतो. 1 सेकंदाला तेच पाणी दुधाळ पट्ट्यासारखे उतरते. दोन्ही काढून पाहावेत आणि आपल्याला पाण्याचा जोर दाखवायचा आहे की त्याची संथ लय, हे ठरवावे. सर्जनशीलता म्हणतात ती बहुतांशी अशा निर्णयांतूनच घडते.

स्वतःवर थोडे बंधनही घालावे. जुन्या 35 मिलिमीटर रोलमध्ये बहुधा 36 फोटो मावत. डिजिटल कॅमेऱ्यातही एका फेरीत तेवढेच काढायचे आणि एकच लेन्स वापरायची, असे ठरवले की प्रत्येक चौकटीपूर्वी नजर थांबते.

पावसाळ्यात खंड पडू देऊ नये, मात्र लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. वातानुकूलित गाडीतून उतरताच काचेवर बाष्प धरते. पिशवी न उघडता थोडा वेळ थांबावे.

हंगामाअखेरीस निवडक फोटो कागदावर छापून जमिनीवर मांडावेत. नुसते सुंदर दिसणारे, पण आपल्या हेतूशी नाते नसलेले फोटो निष्ठुरपणे बाजूला काढावेत. आणि बांधावर ज्यांनी आपल्याला उभे राहू दिले, त्यांच्या फोटोची एकेक प्रत त्यांच्या हाती द्यावी.