गोठलेल्या काचेतला उशिराचा उजेड: या चुका टाळा

यूव्ही दिवा बंद करून मिनिट उलटलं, तरी लिक्विड नायट्रोजनमधल्या ट्यूबमधून निळसर उजेड येतोच आहे. आत टीएमपीडी (सहज इलेक्ट्रॉन सोडणारं एक सेंद्रिय संयुग) आहे, ३-मिथाइलपेंटेन या द्रावकात विरघळवून ७७ केल्विनला (सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअस) काचेसारखं गोठवलेलं. यूव्हीने त्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, जवळपास कुठेतरी अडकतो आणि सावकाश घरी परततो. परतला की उजेड.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. या उजेडाला सरसकट फॉस्फरेसन्स (इलेक्ट्रॉन न गमावता उत्तेजित झालेल्या रेणूचा रेंगाळणारा उजेड) समजून लोक त्याचं ‘आयुष्य’, म्हणजे मावळण्याचा ठरावीक काळ, काढायला बसतात. टीएमपीडीचा फॉस्फरेसन्स काही सेकंदांत मावळतो. त्यानंतर उरतो तो परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा उजेड. डिबाय आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं, की असा उजेड साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. त्यांनी कारण विसरण, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं इकडेतिकडे पसरत जाणं, धरलं होतं. नंतर टनेलिंगचं (इलेक्ट्रॉन मधला अडथळा न चढता त्यातून आरपार जातो) स्पष्टीकरण पुढे आलं. जवळचा इलेक्ट्रॉन लगेच परततो, लांबचा तासन्‌तास रेंगाळतो. १० सेकंदांना डिटेक्टरवर ६००० काउंट (मोजलेले प्रकाशकण) असतील, तर १०० सेकंदांना ६०० आणि १००० ला ६० च्या आसपास. यात घातांकी वक्र (ठरावीक आयुष्य असलेल्या उजेडाचा) बसवलात तर १० सेकंदांपाशी आयुष्य १० सेकंद येतं, १००० पाशी १००० सेकंद! म्हणजे तुम्ही सॅम्पल नाही, स्वतःचं घड्याळ मोजलंत. दोन्ही अक्ष लॉग घ्या, उतार उणे एकच्या जवळ आहे का बघा.

सुरुवातीचा भाग सपाट दिसतोय? बहुधा प्रकाश फार वेळ दिलात. पाच मिनिटं दिवा लावून शून्य वेळ दिवा बंद केल्यापासून धरली, तर आधी सुटलेले इलेक्ट्रॉन तोवर परतायला लागलेले असतात. पहिल्या नोंदीच्या मानाने प्रकाश थोडाच वेळ द्या.

अंधारखोलीतला लाल दिवा इथेही चालतो, हा फोटोग्राफीतून आलेला भ्रम. अडकलेले इलेक्ट्रॉन जवळच्या इन्फ्रारेडपर्यंत प्रकाश शोषतात, त्यामुळे लाल दिव्याने, टॉर्चने, मोबाइलच्या उजेडानेही ते अडकल्या जागेतून सुटतात आणि तुमचा सिग्नल आधीच खर्च होतो. उलट हीच उत्तम खूण आहे: शंका असेल तर इन्फ्रारेडचा झोत टाका. उजेड एकदम भडकला, तर अडकलेले इलेक्ट्रॉन आहेत.

गोठलेली काच ढगाळ आली किंवा तडकली, तर थंड करण्याचा वेग बदला, आणि द्रावक कोरडं आहे का तेही पाहा. २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान हे दुसरं द्रावक वापरत असाल तर जास्त जपा: बाटलीत बहुधा बीएचटी हे टिकवणारं रसायन असतं, ते काढलं की पेरॉक्साइड (स्फोटक ठरू शकणारी संयुगं) जमायला लागतात. ऊर्ध्वपातन करून ताजंच वापरा. विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन पकडून बसतो, म्हणून फ्रीझ-पंप-थॉ (द्रावण गोठवा, वरचा वायू पंपाने ओढा, वितळवा) तीनदा तरी कराच.

आज आणि काल आकडे जुळत नाहीत? ड्युअर (लिक्विड नायट्रोजनचा थर्मॉससारखा फ्लास्क) उघडा ठेवलात का ते आठवा. लिक्विड नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि तापमान हळूहळू चढतं. ३-मिथाइलपेंटेन ७७ केल्विनला काच होण्याच्या उंबरठ्यावरच असतं. दोन-तीन अंशांत ते मऊ पडतं आणि इलेक्ट्रॉन भराभर परततात. तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवा. बूच घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. आणि बंद ट्यूब बाहेर काढताना चेहऱ्यावर शील्ड असू द्या, कारण चिरेतून आत शिरलेलं नायट्रोजन गरम होताच ट्यूब फोडतं.