फूल उलटं करून बघा: झाडं ओळखायला शिकताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "हे कुठलं फूल?" खाली फोटो. फोटोत फक्त फूल, तेही समोरून, इतक्या जवळून की मागची पानं नुसती धूसर हिरवी दिसतात. झाड किती उंच, पानं समोरासमोर की एकाआड एक, खोडाला काटे आहेत का, काही कळायला मार्ग नाही. आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही की पुढचा मेसेज: "कुणालाच माहीत नाही का?"

मला या घाईचा मनापासून राग येतो, कारण झाडांची कुळं, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या वनस्पतींचे गट, ओळखायला शिकणं ही फार आनंदाची गोष्ट आहे. जास्वंदीचं कूळ एकदा डोळ्यांत बसलं की भेंडीच्या वाफ्यात, कापसाच्या शेतात आणि फुटपाथच्या कडेला उगवलेल्या चिकणा नावाच्या रोपातही तीच ठेवण दिसायला लागते. तेवढं थांबायची तयारी मात्र हवी.

फक्त समोरून बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

अलिबागकडे सहलीला गेलेल्या एका उत्साही सदस्याने ग्रुपवर पिवळ्या फुलाचा फोटो टाकला. पाच पाकळ्या, आत गडद मरून रंग, मधोमध पुंकेसरांची नळी. एकाने भेंडी म्हटलं, दुसऱ्याने अंबाडी, तिसऱ्याने देशी कापूस, चौथ्याने रानभेंडी. प्रत्येकाने आपल्या उत्तराला जुळणारा इंटरनेटवरचा फोटोही जोडला, आणि प्रत्येक फोटो जुळत होता! जुळणारच. ही सगळी एकाच कुळातली मंडळी, समोरून ती बरीचशी सारखीच दिसतात. दुपारभर वाद चालला. संध्याकाळी त्याच सदस्याने आणखी एक फोटो टाकला: तांबूस गुलाबी, मिटत आलेलं फूल. "हे शेजारचं दुसरं झाड."

मी विचारलं, फोटो खाली वाकून काढलात की मान वर करून? वर करून, म्हणजे ते उंच झाड होतं. पान कसं होतं? पिंपळासारखं, पण टोकाला शेपटी नाही. मग प्रश्नच मिटला. तो परसपिंपळ होता, कोकण किनाऱ्यावर सर्रास दिसणारा. त्याचं फूल उमलताना पिवळं असतं आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होतं. दोन वेगळी झाडं समजून टाकलेले फोटो एकाच जातीचे होते, फक्त सकाळचं फूल आणि संध्याकाळचं फूल एवढाच फरक.

आता हीच फुलं उलटी करून बघा. परसपिंपळाच्या फुलाखाली बशीसारखा, कडेला दाते नसलेला निदलपुंज (पाकळ्यांबाहेरचं आवरण) असतो आणि तो पुढे फळाखालीही टिकतो. भेंडीच्या फुलाखाली बारीक हिरव्या पट्ट्यांची रांग असते, आणि तिचा निदलपुंज एका बाजूने फाटून पाकळ्यांबरोबर गळून जातो, म्हणून भेंडीच्या देठाशी हिरवी वाटी उरत नाही. वांग्याच्या डोक्यावर ती उरते, तो काटेरी टोप म्हणजे निदलपुंजच. कापसाच्या पात्याला, म्हणजे कळीला, तीन मोठी दातेरी हिरवी पानं वेढून असतात. लाल अंबाडीचं सरबत ज्याचं करतात तो लाल, मांसल भागही फुलाच्या पाठीमागचाच.

माझी सवय ठरलेली आहे: एका फुलाचे किमान चार फोटो. समोरून, पाठीमागून, फांदीवर पानं कशी लागली आहेत त्याचा, आणि दूर उभं राहून अख्ख्या झाडाचा. जवळपास फळ किंवा वाळलेलं बोंड असेल तर पाचवा. फूल झाडावरून तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. ते ब्लेडने उभं चिरून दहापट भिंगाखाली धरलं की आत काय आहे ते दिसतं. चांगल्या कॅमेऱ्यावर हजारो रुपये घालवून साधं भिंग न घेणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

शेंग दिसली की शेंगवर्गीय म्हणणं

हे तर बागकामाचे वर्ग घेणारेही बिनदिक्कत सांगतात. "शेवगा शेंगवर्गीय, म्हणून त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतात." शेवगा त्या कुळातला नाही. त्याचं स्वतःचं वेगळं कूळ आहे.

पुरावा तुमच्या ताटात आहे. आमटीतली शेवग्याची शेंग चोखण्याआधी नीट उघडा: ती तीन पाकळ्यांत उकलते. जून, वाळलेली शेंग झाडावर उकलली की आतल्या प्रत्येक बीला तीन पातळ पंख दिसतात. आता वालाची किंवा मटाराची शेंग घ्या. ती दोनच भागांत उघडते, आणि दाणे एकाच शिवणीला लागलेले असतात, एक डाव्या सालीवर, एक उजव्या. तिसरी मुळ्याची डिंगरी. तिलाही आपण शेंगच म्हणतो, पण ती मोहरीच्या कुळातली. मोहरीची वाळलेली शेंग उकलली की दोन साली पडतात आणि मधे पातळ, पारदर्शक पडदा देठावर उभा राहतो. गवार, शेवगा, डिंगरी: मंडईत एकाच टोपलीत बसतील, पण कुळं तीन.

उलट बाजूने बघितलं तर गुलमोहर, बहावा, बाभूळ, चिंच आणि लाजाळू यांची फुलं एकमेकांसारखी मुळीच नाहीत, तरी ती सगळी खरोखरच शेंगवर्गीय. चिंच तर वाल-मटारासारखी आपणहून उकलतसुद्धा नाही. भुईमूग याहून पुढचा: फूल वर येतं, मग आऱ्या, म्हणजे फुलाच्या तळातून निघणाऱ्या दांड्या, जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. म्हणून मी नवख्यांना सांगतो की कासला जायच्या आधी महिनाभर मंडईत जा. कासच्या गर्दीत दोन तासांत शंभर नावं ऐकून घरी येईपर्यंत एकही आठवत नाही, आणि फोटोसाठी आत शिरणाऱ्यांच्या पायांखाली फुलं तुडवली जातात ते वेगळंच.

एकाच खुणेवर निकाल देणं

चौकोनी खोड म्हणजे तुळशीचं कूळ, हे पाठ केलेलं असतं. घाणेरीची फांदी चौकोनी असते, पारिजातकाचीही असते, आणि दोन्ही तुळशीच्या कुळातली नाहीत.

पांढरा चीक आला म्हणजे निवडुंग, हे दुसरं. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, त्याला पांढरा चीक नसतो. चीक असतो तो थोराला आणि शेराला, आणि ते एरंडाच्या कुळातले. खुद्द एरंडाला मात्र असा दुधी चीक नाही. रुई, पांढरा चाफा, बिट्टी यांना आहे, वड आणि फणसालाही आहे. शेराचा आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, त्यामुळे चीक तपासला की आधी हात धुवा.

नावावरून कूळ ठरवणंही यातलंच. सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि पांढरा चाफा ही चार वेगळ्या कुळांतली झाडं आहेत. हिरवा चाफा तर सीताफळाचा भाऊबंद.

थोडक्यात आणखी काही

झेंडूची पाकळी ओढली की खाली काळी काडी येते. ती "पाकळी" एक आख्खं फूल आहे आणि काडी तिचं फळ.

बोगनवेलीचा रंगीत भाग फूल नव्हे. आतली तीन बारीक पांढरट फुलं बघा, मग ती गुलबक्षीच्या कुळात का आहे ते पटेल.

भोपळ्याची फुलं गळतात म्हणून फवारणी करू नका. नरफुलं गळणारच. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो ते मादीफूल.

धणा म्हणजे बी नव्हे, फळ. त्याचे दोन भाग होतात, म्हणून पेरण्याआधी तो रगडतात.

आपलं राज्यफूल ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतं तेव्हा त्याची चुरगळलेली पाकळी डाळिंबाच्या पाकळीशेजारी ठेवून बघा. मेंदीही याच कुळातली.

मोबाइल अॅपने दिलेलं नाव हा फक्त पहिला अंदाज आहे. त्यावर विसंबून रानभाजी तोडणाऱ्यांना मी स्पष्ट विरोध करतो. चव घेऊन ओळखणं तर कधीच नको: गुंज, धोत्रा, बिट्टी, मोगली एरंड यांच्या बिया विषारी आहेत, आणि मुलांचा हात आधी त्यांच्याकडेच जातो.

बिया प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं

हौसेने गोळा केलेल्या बिया ओलसरच पिशवीत बंद करायच्या आणि आठवड्याने बुरशी आली की हळहळायचं, हे दर दिवाळीनंतर होतं. बिया सावलीत वाळवा आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत ठेवा. पुडीवर झाड, जागा आणि तारीख पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. नाव माहीत नसेल तर कुळाचं नाव लिहा. तेही माहीत नसेल तर फळ किती भागांत उकललं तेवढं लिहून ठेवा, नाव नंतर शोधता येतं.