सुन त्झू आयुष्यात आणताय? मग या चुका टाळा

प्राचीन चिनी युद्धविचारक सुन त्झूचं 'युद्धकला' हे अवघ्या १३ छोट्या प्रकरणांचं पुस्तक आहे. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी तो सांगतो की लढाईआधी पूर्वजांच्या मंदिरात बसून ज्याने जास्त बाबी मोजल्या, तो जिंकतो. हा हिशोब गाळून फक्त जोशाची वाक्यं उचलली की घोळ सुरू होतो.

परतीचे दोर आधी कापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'सैन्याला मरणाच्या जागी टाका, मग ते जगेल' हे अकराव्या प्रकरणातलं वाक्य वाचून लोक नोकरीचा राजीनामा देतात. पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं.

हे वाक्य प्रत्यक्षात वापरणारा सेनापती म्हणजे चीनमधल्या हान राज्याचा हान शिन. इ.स.पू. २०४ मध्ये जिंगशिंगच्या लढाईत त्याने आपली माणसं नदीकडे पाठ करून उभी केली. ते बघून समोरच्या झाओ राज्याचं सैन्य हसलं. गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. पण नदीपाशी येण्याआधीच हान शिनने हेरांकडून खात्री करून घेतली होती की आपली रसद तोडण्याचा सल्ला झाओच्या सेनापतीने धुडकावला आहे. शिवाय रात्रीच २,००० स्वार प्रत्येकी एक लाल निशाण देऊन डोंगराआड पाठवले होते. झाओचं सैन्य तळ सोडून नदीकडे धावलं, तेव्हा या स्वारांनी रिकाम्या तळावर हान राज्याची निशाणं रोवली. मागे वळून पाहताच झाओच्या सैन्याची दाणादाण उडाली. आपली माणसं नवखी आहेत, पळायला वाट मिळाली तर पळतील, हेही हान शिन ओळखून होता. म्हणून नदी.

राजीनाम्याआधी स्वतःला विचारा: माझे २,००० स्वार कुठे आहेत? सहा महिन्यांचा खर्च, पहिलं गिऱ्हाईक, हाताशी असलेलं कौशल्य, यातलं काहीच नसेल तर तुमच्याकडे फक्त नदी आहे.

प्रत्येकात शत्रू पाहणं

ऑफिसातल्या सहकाऱ्याला 'प्रतिस्पर्धी' ठरवून त्याच्यावर डाव टाकत बसलात, तर तिसरं प्रकरण पुन्हा वाचा. शंभर लढायांत शंभर विजय ही सर्वोत्तम गोष्ट नव्हे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. न लढता काम साधणं श्रेष्ठ, आणि तटबंदीच्या शहराला वेढा घालणं सर्वांत वाईट. वेढ्याचं सामान जमवायला तीन महिने, मातीचे उंचवटे रचायला आणखी तीन. तेवढ्यात सेनापतीचा धीर सुटतो, तो सैनिकांना मुंग्यांसारखं तटावर चढवतो, एकतृतीयांश मारले जातात आणि शहर हाती येतच नाही. घरातल्या किंवा ऑफिसातल्या वादांत हे हुबेहूब घडतं. आपलंच म्हणणं खरं करण्याच्या हट्टापायी वर्षानुवर्षांचं नातं खर्ची पडतं, आणि समोरचा तसूभर हलत नाही.

चौथ्या प्रकरणात तर तो म्हणतो की अजिंक्य होणं आपल्या हातात असतं, समोरच्याला हरवता येणं त्याच्या हातात. म्हणून झोप, अभ्यास, पैशाची शिस्त आधी. माझ्या मते स्वतःला घडवू पाहणाऱ्यासाठी अख्ख्या पुस्तकातली सर्वांत कामाची जागा हीच.

मोहीम लांबवत नेणं

एक लाखाचं सैन्य उभं करायला रोज हजार सुवर्ण लागतात, आणि लांबलेल्या युद्धातून कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही, असं दुसरं प्रकरण सांगतं. स्पर्धा परीक्षेची तयारी असो की स्वतःचा धंदा, किती काळ आणि किती पैसा, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. मुदत संपली की थांबून पुन्हा मोजा.

सगळं करूनही गाडी अडली असेल तर

आठव्या प्रकरणातले सेनापतीचे पाच दोष काढून बघा: जिवावर उदार होणं, जीव वाचवण्याची धडपड, शीघ्रकोप, मानापमानाचा अति बाऊ आणि अति कनवाळूपणा. शेवटचा दोष वाचून बरेच जण चमकतात. पण कुणाच्याही कामाला 'नाही' म्हणता येत नसेल आणि स्वतःचं काम रोज रात्री अकरानंतर सुरू होत असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करा.